माळा रिकामा केला म्हणून पेढे कशाचे वाटता?

दमणीचं चाक:
परवा इथे एका गृहस्थांनी मोठ्या अभिमानाने लिहिलं. पाडव्याच्या सफाईत गावच्या घराचा माळा रिकामा केला, ट्रॉली भरून भंगार दिलं, चार हजार आले, 'डोकं हलकं झालं'. सोबत फोटो. गप्प बसणार होतो, पण फोटो मोठा करून पाहिला. पाण्याचा पितळी गुंड, धान्य मोजायची लाकडी पायली, पाटा, सागवानी चाकं. सगळं एकाच काट्यावर, लोखंडाच्या भावात! अहो, पितळ वेगळं काढून तरी विकायचं.

माझ्या आजीच्या गुंडावर तिचं नाव ठोकलेलं होतं, माहेरच्या गावासकट. वाटणीत काकांनी तो मोडीत घातला. सहा वर्षांनी आर्वीला भंगाराच्या वखारीत मोटरचा पंखा शोधत होतो, एका भांड्याला ठेच लागली. उलटं केलं तर आजीचं नाव. 780 रुपये मोजून आणला. तिथेच बसून रडलो, हेही सांगतो.

माहेर पुलगाव:
रडलात, छान. घासलात कधी? चिंच, राख, नारळाची शेंडी, दर सणाला. आणि भरलेला गुंड विहिरीवरून डोक्यावर आणायचा. माझी आई चाळिशीतच मान वळवू शकत नव्हती. प्लास्टिकचा गुंड आला त्या दिवशी तिने देवाला नारळ फोडला. तुमचा वारसा आमच्या मणक्यात आहे. आता तो गुंड तुमच्याकडे काय करतो? छत्र्या ठेवता ना?

दमणीचं चाक:
छत्र्या नाही. मनीप्लँट आहे.

माहेर पुलगाव:
झालं तर मग.

भंडाऱ्याचा जावई:
पितळेत कल्हईशिवाय आंबट कळकतं, म्हणून बायकांनी स्टील घेतलं. कथील आणि नवसागर घेऊन दारात बसणारा कल्हईवाला आता येतो कुठे? सासरवाडीला पितळनगरी म्हणतात अजून. सासूबाई मात्र वरण कुकरात लावतात.

पऱ्हाटीवाला:
भांड्याचं काय घेऊन बसले बाप्पा! आज संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभे राहा. जिकडं पाहावं तिकडं पऱ्हाटी, कापूस वेचून उरलेली वाळकी झाडं, पेटून राहिली. अख्खं वावरच फेकून देऊन राहिले लोक. आमच्या बापानं वर्षभराचं सरपण केलं त्याच पऱ्हाटीचं, कुडाची भिंतही तिचीच.

कवडी कापूस:
अन् त्या सरपणात काय राहते ते सांगा ना. किडक्या बोंडात गुलाबी अळी झोपून राहते, पाऊस पडला की पतंग बाहेर. 2017 विसरले का? माझ्या सहा एकरात वेचायला बाया तयार नव्हत्या. नुसती कवडी, किडका डागी कापूस.

पऱ्हाटीवाला:
मी घरी रचा म्हटलं का? बारीक करा, कुजवा. मशीन गावात आहे.

कवडी कापूस:
मशीन आहे, रांग पण आहे. भाडं तुम्ही देता का? एकरभर जमीन नसलेल्यांनी शिकवू नये.

पऱ्हाटीवाला:
माझा सातबारा काढू का इथं? तुमचा धूर माझ्या संत्र्यावर येते, तुमच्या मास्तरकीवर नाही!

माहेर पुलगाव:
विषय माळ्याचा होता, भाऊ.

हलकं डोकं:
तो फोटो माझाच. चार दिवस शिव्या खातोय. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात राहून सफाईला नावं ठेवता? झाडू त्यांनीच हाती दिला ना? उंदीर, विंचू, धूळ, आईला दमा. तुमचा मनीप्लँट येऊन झाडेल का?

दमणीचं चाक:
बाबांच्या डोक्यावर काय होतं? फुटकं गाडगं. अंगावर? चिंध्या. लोकांनी टाकलेलं वापरूनच फिरले. दम्याचं मला माहीत नव्हतं, तेवढं मागे घेतो. पायलीचं नाही.

अंजनगाववाली:
पायलीचं सोडा. आमच्याकडे लाल कापडात पोथ्या होत्या, महानुभाव पंथाच्या. सकळ लिपीत, म्हणजे पंथाच्या सांकेतिक अक्षरांत, म्हणून घरात कुणाला एक अक्षर वाचता येईना. आत्याने पूर्णेत सोडल्या. श्रद्धेने, हात जोडून. पंथाचं तीर्थक्षेत्र रिद्धपूर तासाभरावर, तिथे नेल्या असत्या तर वाचणारं कुणीतरी भेटलं असतं. मी तेव्हा नववीत होते, पिशवी मीच धरली होती.

भंडाऱ्याचा जावई:
आता बोला.

हलकं डोकं:
ट्रॉलीत तळाला एक गाठोडं होतं. जुन्या लुगड्यात बांधलेलं, वजनाला कागदासारखं. मी सोडून पाहिलं नाही. वखार सकाळी नवाला उघडते. जाऊन येतो. चाकं मात्र परत आणणार नाही, आधीच सांगतो.

पऱ्हाटीवाला:
जातच आहात तर रस्त्यानं कोणाची पऱ्हाटी जळून राहिली तेवढं पाहून या.