साबी सँडमध्ये दोन रात्री: पैसे वसूल की निव्वळ चोचले?

तळेगावकर
मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेला जाऊन आलो. तीन रात्री क्रूगर नॅशनल पार्कच्या सरकारी कॅम्पात, मग दोन रात्री पार्कला लागूनच असलेल्या साबी सँडमधल्या एका खाजगी लॉजवर. या दोन रात्रींनी उरलेल्या सगळ्या सहलीएवढे पैसे खाल्ले. सासुरवाडीला खरा आकडा अजून सांगितलेला नाही. तरी माझं मत, वसूल.

गाद्या आणि बाथटबचं कौतुक मला नाही. सरकारी हद्दीत रस्ता सोडता येत नाही, इथे गाडी झुडपात घालतात. उघड्या लँड रोव्हरच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर एक खुर्ची बसवलेली असते, तिच्यावर ट्रॅकर, म्हणजे जनावरांचा माग काढणारा. आमचा शांगान जमातीचा ट्रॅकर पहाटेच्या गारठ्यात तिथे बसून नुसता हात वर करायचा, की गाडी थांबायची. एकदा तो खाली उतरला, मातीतल्या ठशाची कड बोटाने चाचपली, रेंजरशी, म्हणजे आमच्या गाइडशी, दोन शब्द बोलला आणि परत येऊन खुर्चीवर न बसता आत आमच्या शेजारी बसला. म्हणजे जनावर जवळ आहे, हे आम्हाला नंतर कळलं. मरुलाच्या झाडावर बिबटीण, फांदीच्या बेचक्यात अर्धवट खाल्लेलं इंपाला हरीण, झाडाखाली वर बघत थांबलेलं तरस. इंजिन बंद. हाड फुटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. आमच्याखेरीज तिथे एकच गाडी होती. ताडोबात एवढ्या वेळात 'अरे पुढे घे, पुढे घे' सुरू झालं असतं.

मोहर्लीवाला
ताडोबाला मध्ये आणलंत म्हणून लिहितो. गर्दी होते, मान्य. पण शाळेची सहल घेऊन येणाऱ्या मास्तरांनाही तोच वाघ दिसतो, जो मुंबईच्या उद्योगपतीला दिसतो. आपल्याकडे जंगली प्राणी कुणाच्या खाजगी मालकीचा होत नाही. दक्षिण आफ्रिकेत 1991 पासून कायदाच आहे, नीट कुंपण घातलेल्या जमिनीतली जनावरं मालकाची.

आणि ती बिबटीण शांत का होती? साबी सँडमधल्या लोंडोलोझी या खाजगी राखीव जंगलात 1979 पासून बिबटे गाड्यांना सरावलेत. आता तर पिढ्यान् पिढ्या तेच चाललंय. एक रेंजर रेडिओवर कळवतो, दुसरा येतो, तुम्ही म्हणता काय नशीब!

तळेगावकर
मोहर्लीवाला, ताडोबातले वाघ काय गाड्या बघून पळतात? तेही सरावलेलेच की. आणि तेच लोंडोलोझी 1926 मध्ये शिकारीच्या कॅम्पासाठी घेतलेली जमीन होती. बंदुकीच्या जागी कॅमेरे आले, मला तरी यात वाईट दिसत नाही.

जोबर्गकर
अकरा वर्षं इथे दक्षिण आफ्रिकेत राहतोय, लॉजवर एकदाच गेलो, तेही कंपनीच्या खर्चाने. साबी सँड आणि क्रूगरमधलं कुंपण 1993 मध्येच काढलंय. हत्ती दोन्हीकडे फिरतात, हद्दीचं भाडं फक्त माणसांना.

त्यापेक्षा साताऱ्याला जा. हो, क्रूगरमध्ये साटारा नावाचा कॅम्प आहे! छाती फुगवू नका, आपल्या साताऱ्याशी संबंध नाही. मोजणीदाराच्या भारतीय मदतनिसाने 17 नंबरच्या जमिनीला 'सत्रह' म्हटलं, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. स्वतःची गाडी, डांबरी रस्त्यावर ताशी 50, कच्च्यावर 40, काच खाली, गाडीतून उतरायचं नाही. चार तास काही दिसत नाही, मग वळणावर सिंहीण रस्त्यात झोपलेली. ती तुम्ही स्वतः शोधलेली असते. रात्री कॅम्पात खिचडी टाकायची आणि सिंहांच्या डरकाळ्या ऐकायच्या. बिबट्या मात्र मला तिथे तीनदाच दिसला, तोही लांबून. एवढं तळेगावकरांना देऊन टाकतो.

रेवा_ज
सगळे बिबटीणीबद्दल बोलताय. त्या झाडाखालची जमीन कुणाची, हे कुणीच विचारलं नाही. साबी सँडमधल्याच मालामाला या खाजगी राखीव जंगलावर न्वांदलाम्हारी समाजाचा दावा होता, त्यांची माणसं तिथून उठवली गेली होती. 2013 मध्ये सरकारने सुमारे 1 अब्ज रँड (तिथलं चलन) मोजून 13,000 हेक्टरहून जास्त जमीन घेऊन त्यांना दिली. तुम्ही ज्या शांततेचे पैसे मोजलेत, ती माणसं हटवून तयार झालेली आहे.

तळेगावकर
मग जोबर्गकरांचं क्रूगर कुठे सोवळं आहे? उत्तरेला पाफुरीतून माकुलेके लोकांना 1969 मध्ये हाकलून ती जमीन पार्काला जोडली. 1998 मध्ये त्यांना ती परत मिळाली, आणि त्यांनी काय केलं? शेती न करता जंगलच ठेवलं आणि खाजगी लॉजवाल्यांना करारावर आणलं. म्हणजे महागडे पाहुणे हवेत असं जमिनीचे मालकच म्हणतायत.

जोबर्गकर
याला उत्तर नाही माझ्याकडे. साताऱ्याची खिचडी मात्र सोडणार नाही.

रेवा_ज
माकुलेकेंचं उदाहरण चांगलं आहे, पण तिथे समाज जमीनमालक म्हणून करार करतो. केनियात मसाई माराला लागून 2010 मध्ये सुरू झालेल्या नबोईशो कन्झर्वन्सीतही (स्थानिकांच्या जमिनीवरचं राखीव जंगल) सुमारे 500 मसाई कुटुंबांच्या जमिनी भाड्याने घेतल्यात, भाडं थेट त्यांना. तुमच्या लॉजची जमीन कुणाची होती?

तळेगावकर
एका कुटुंबाची. तीन पिढ्यांपासून, असं रेंजर म्हणाला.

रेवा_ज
आणि तो ट्रॅकर? तुमच्याच लिहिण्यावरून सगळी किमया त्याची. टिप कशी दिलीत?

तळेगावकर
खोलीत दोन पाकिटं ठेवलेली होती आणि एक छापील कागद. रेंजरला इतके, ट्रॅकरला साधारण त्याच्या निम्मे, असं सुचवलेलं. मी कागदाप्रमाणे दिले.