फोर-सीम १६ इंच वर की १५ इंच खाली?

नववी_इनिंग
बेसबॉल सॅव्हंट या आकडेवारीच्या साइटवरून एका उजव्या पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) सीएसव्ही फाइल उतरवून घेतली आहे. त्याच्या ९५ मैल वेगाच्या फोर-सीमसमोर (सरळ वेगवान चेंडू) पीएफएक्स-झेडच्या, म्हणजे उभ्या वळणाच्या, रकान्यात १.३८ आहे. साइटवरच्या तक्त्यात मात्र त्याच पिचचा (टाकलेल्या चेंडूचा) ड्रॉप, म्हणजे एकूण घसरण, १५ इंचांच्या आसपास दाखवतात. यातलं खरं काय धरायचं? पीएफएक्स-एक्स, म्हणजे आडवं वळण, ऋण का येतं? आणि व्हीएए, म्हणजे चेंडू बॅटरजवळच्या प्लेटवर किती अंशांत उतरतो तो कोन, फाइलमध्ये सापडत नाही. तो कसा काढायचा?

शिवण_१०८
दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींपासून मोजलेत. पीएफएक्स फुटांत असतं, त्याला १२ ने गुणा. १.३८ चे झाले साधारण १६.५ इंच. हा आयव्हीबी, म्हणजे गुरुत्वाकर्षण वगळून उरलेली उभी हालचाल. तसाच सुटलेला पण अजिबात न फिरणारा चेंडू प्लेटवर जिथे आला असता, त्यापेक्षा हा १६.५ इंच वर आला, एवढाच त्याचा अर्थ.

आता गुरुत्वाकर्षण धरा. ९५ मैलांचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात पोचतो. ३२.१७ चं निम्मं गुणिले ०.१६ म्हणजे २.५७ फूट, जवळपास ३१ इंच. त्यातून १६.५ वजा केले की १४.५ उरतात, तोच तुमचा ड्रॉप. चेंडू वर चढत नाही, बॅटरच्या अंदाजापेक्षा कमी पडतो. म्हणून बॅट त्याच्या खालून जाते.

कर्व्हबॉलचं उलट. टॉपस्पिनमुळे आयव्हीबी उणे १० असेल आणि वेग ७८ मैल असेल, तर हवेतला वेळच ०.४९ सेकंदांवर जातो. गुरुत्वाकर्षणाचे ४६ आणि हे १० मिळून ५६ इंच.

पीएफएक्स-एक्स कॅचरच्या (प्लेटमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) नजरेतून मोजतात. उजव्या पिचरचा फास्टबॉल त्याच्या हाताच्या बाजूला, म्हणजे कॅचरच्या डावीकडे सरकतो, म्हणून ऋण. डाव्या-उजव्या पिचरांची तुलना करताना एकाचं चिन्ह उलटायला विसरू नका, नाहीतर सरासरी शून्याजवळ येऊन बसते.

प्लेटमागून
व्हीएए काढावा लागतो. फाइलमधले व्हीवाय-झिरो, व्हीझेड-झिरो (प्लेटच्या दिशेचा आणि उभा वेग, फूट प्रति सेकंद), एवाय आणि एझेड (त्याच दिशांचं त्वरण) हे आकडे प्लेटच्या मागच्या टोकापासून ५० फुटांवरचे असतात आणि प्लेटची पुढची कड १७ इंचांवर, म्हणजे १.४१७ फुटांवर. मधलं अंतर ४८.५८३ फूट.

समजा व्हीवाय-झिरो उणे १३७, एवाय ३०, व्हीझेड-झिरो उणे ५, एझेड उणे १५. १३७ चा वर्ग १८७६९. त्यातून २ × ३० × ४८.५८३, म्हणजे २९१५ वजा. वर्गमूळ १२५.९, हा प्लेटवरचा वेग. १३७ मधून १२५.९ वजा करून ३० ने भागलं की ०.३७ सेकंद. उभा वेग: उणे ५ आणि उणे १५ × ०.३७, म्हणजे उणे १०.५५. १०.५५ भागिले १२५.९, त्याचा आर्कटॅन ४.८ अंश. चेंडू खाली येतोय म्हणून व्हीएए उणे ४.८.

एझेडमध्ये गुरुत्वाकर्षण आधीच धरलेलं असतं. पुन्हा ३२.१७ वजा केलेत तर कोन उणे १० च्या पलीकडे जाईल.

आणि पिचरांचे व्हीएए उंची न बघता एकाखाली एक लावणं मला अजिबात पटत नाही. प्लेटवर चेंडू एक फूट वर आला की कोन सुमारे एक अंशाने सपाट होतो, हा निव्वळ भूमितीचा भाग आहे. सतत वर टाकणारा पिचर त्यामुळे उगाच भारी दिसतो. आधी प्लेट-झेडनुसार (प्लेटवरच्या उंचीनुसार) गट पाडा, प्रत्येक गटाच्या सरासरीपासूनचा फरक बघा. रिलीजची उंचीही अशीच: हात एक फूट खाली असेल तर जवळपास एक अंश फुकट मिळतो.

नववी_इनिंग
धन्यवाद, वजाबाकी जुळली. जास्त स्पिन म्हणजे जास्त आयव्हीबी, असं धरून चालेल का?

शिवण_१०८
नाही. किती फिरकी कामी येते ते अॅक्टिव्ह स्पिन सांगतो. बंदुकीच्या गोळीसारखा प्रवासाच्या दिशेभोवती फिरणारा स्लायडर २५०० आरपीएमचा असूनही फारसा वळत नाही. २०२० पासून स्टॅटकास्ट, म्हणजे हे आकडे मोजणारी यंत्रणा, हॉक-आयवर चालतं (क्रिकेटच्या डीआरएसमध्ये दिसतं तेच तंत्र), त्यामुळे फिरकीचा अक्ष थेट कॅमेऱ्यातून मिळतो. तो अक्ष आणि चेंडूच्या वळणावरून काढलेला अक्ष जुळत नसतील, तर शिवणीमुळे हवेचा प्रवाह सरकतोय असं समजा. सिंकर आणि चेंजअप या प्रकारच्या चेंडूंमध्ये हे जास्त दिसतं.

प्लेटमागून
डेन्व्हरच्या कूर्स फील्डमधल्या पिचेस आधी वेगळ्या काढा. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १८ टक्के विरळ आहे. इतर ठिकाणी १६ इंच देणारा फोर-सीम तिथे १३ वर येतो, पिचरने काहीही बदललेलं नसताना.