मदत हवी आहे: 20 मीटर तार ठेवावी की लहान लूप (वेटोळ्याची अँटेना) घ्यावी?

तारवेडा: दूरची शॉर्टवेव्ह केंद्रे ऐकण्यासाठी मी अँटेना म्हणून 20 मीटर तार बांधली, परंतु 49 मीटर बँडवर (6,000 किलोहर्ट्झच्या आसपास) केंद्रांपेक्षा खरखरच जास्त वाढली असून 6,070 किलोहर्ट्झवरचे केंद्र 5,160 वरही लागते. तार उतरवून एक मीटर व्यासाची लूप घ्यावी का? शिडी रविवारपर्यंतच आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

रात्रपाळी: रेडिओ कोणता, तार त्याला कशी जोडली आहे आणि ती कुठून कुठे जाते, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही.

लूपवाला: लूपच घ्या. चार्जर आणि एलईडी दिव्यांचा जवळचा उपद्रव बराचसा विद्युतक्षेत्रातून येतो, तर लहान लूप मुख्यतः चुंबकीय क्षेत्र टिपते. शिवाय ती फिरवून एखाद्या दिशेचा गोंगाट दाबता येतो. मी तार केव्हाच सोडली.

जुनी लहर: हे अर्धेच झाले. लूपचा संकेत क्षीण असल्याने तिला बहुधा अँप्लिफायर लागतो आणि त्याचा अडॅप्टर वाईट निघाला, तर तोच खरखर करतो. शिवाय 10 मेगाहर्ट्झच्या खाली बाहेरचाच गोंगाट इतका असतो, की अँटेना मोठी असण्यापेक्षा ती घरातील उपकरणांपासून दूर असणे अधिक उपयोगी पडते.

कांडीप्रेमी: मीडियम वेव्हवर फेराइट कांडीचे (रेडिओच्या आतील अँटेनाचे) टोक नको असलेल्या केंद्राकडे वळवावे, म्हणजे ते दबते.

जुनी लहर: प्रश्न शॉर्टवेव्हचा आहे.

तारवेडा: रेडिओ हातात मावणारा आहे. तार त्याच्या टेलिस्कोपिक अँटेनाला चिमट्याने लावली असून ती टीव्हीच्या मागून, इन्व्हर्टरवरून खिडकीबाहेर जाते. हेही सांगायला हवे होते, असे वाटले नव्हते.

रात्रपाळी: हेच तर सांगायला हवे होते! 6,070 आणि 5,160 यांतील अंतर 910, म्हणजे 455 किलोहर्ट्झ या मध्यम वारंवारितेच्या (रेडिओ आत प्रत्येक केंद्र जिच्यावर आणतो, तिच्या) बरोबर दुप्पट आहे. तेव्हा 5,160 वर आपण ऐकता ती त्याच केंद्राची केवळ प्रतिमा, म्हणजे चुकीच्या जागी उमटलेली नक्कल, आहे. लांब तारेने आणलेला जोरदार संकेत लहान रेडिओला गाळता येत नाही. खरखर हा निराळा दोष आहे. घराचा मेन स्विच बंद करून रेडिओ बॅटरीवर ऐका.

लूपवाला: लूप असती, तर हे दोन्ही प्रश्न उद्भवलेच नसते.

जुनी लहर: जोरदार अँप्लिफायर असलेली लूपही प्रतिमा दाखवते, हे मी स्वतः ऐकले आहे. तार सात मीटर करा, ती बाहेरच ठेवा आणि 9:1 ट्रान्सफॉर्मर (तार आणि केबल यांचा मेळ घालणारा) लावून कोएक्सने (जाळीचे आवरण असलेल्या केबलने) आत आणा.

तारवेडा: मेन स्विच बंद करताच खरखर जवळजवळ थांबली, 5,160 वरचे केंद्र मात्र तसेच आहे. आज तार कापतो. लूपचे नंतर पाहू.