लोकरीची ती कुंची का टोपडं?

उसवलेला_टाका: भाचीसाठी चिंध्यांची बाहुली केलीय, वीतभर. आता तिला साबुदाण्याच्या विणीची कुंची विणतेय, डोक्यावरून थेट कमरेखाली जाणारी, कडेला वेणी, गळ्याशी गोंडे, १४ नंबरच्या सुया, दोन रविवार त्यात गेले नि डोळ्यांची वाट लागली. पॅटर्न इंग्लिशमधे आहे, तो ऐरोलीच्या मावशींना मराठीत लिहून द्यायचाय. वर 'बाहुलीची कुंची' लिहिलं तर सासूबाई म्हणे, कुंची शिवतात, विणतात ते टोपडं. माझ्या माहेरी विणलेलीलाही कुंचीच म्हणायचे. बरोबर कोण?

नौपाडेकर: सासूबाई. कुंची खणाची नाहीतर रेशमाची, बारशाला घालायची. लोकरीची कसली कुंची?

अर्धा_खांब: काका, पण टोपडं हनुवटीखाली बंद बांधले की संपलं, ते पाठीवर कुठे येतं? आणि ठाण्यात जांभळी नाक्याला लोकर म्हणून जे गुंडे घेतो ते बहुतेक ॲक्रिलिकचे, मेंढीचा संबंध नाही, तरी आपण लोकरच म्हणतो ना? मग शिवली नाही म्हणून कुंचीचं नाव का काढून घ्यायचं

वाशीवाला: हूडी लिहा, सगळ्यांना कळेल.

नौपाडेकर: बाहुली काय कॉलेजला चाललीय?

वाशीवाला: स्वेटरला काय म्हणता मग तुम्ही 😀

तळ्याकाठी: मला वाटतं कुंची कुंचल्यावरून आला असावा, टोकाला झुपका असतो म्हणून. आमच्या आजीच्या कुंचीला होता.

अर्धा_खांब: एका आजीच्या झुपक्यावरून व्युत्पत्ती? असं असेल तर विणणं पण पक्ष्यांच्या विणीच्या हंगामावरून आलं म्हणा.

तळ्याकाठी: का नसेल? दोन्हीकडे एकातून दुसरं निघतच जातं की.

नौपाडेकर: ती वीण व्यायण्यातली, ही वेगळी. मोल्सवर्थचा शब्दकोश बघा, १८५७ची आवृत्ती.

अर्धा_खांब: बघते, पण त्यात क्रोशाचा मुका खांब हा टाका सापडला तर मला कळवा. बाय द वे आमच्याकडे क्रोशाचं 'करतात', विणतात फक्त दोन सुयांवर. वहिनी 'क्रोशा विणला' म्हणते तेव्हा माझ्या कानाला खटकतं.

वाशीवाला: आई दोन्हीला विणणंच म्हणते, चाळीस वर्षं.

उसवलेला_टाका: अहो मंडळी, मावशी वाट बघतायत, वर काय लिहू ते सांगा ना. तिकडे 'उलट टाका' लिहू का 'उलटा' हे पण ठरायचंय.

नौपाडेकर: उलट. सुलट-उलट, सुलटा-उलटा कोण म्हणतं?

तळ्याकाठी: आम्ही म्हणतो.

नेरुळची_नवशिकी: मधेच विचारते, सॉरी. १४ नंबर म्हणजे जाड ना?

अर्धा_खांब: उलट कारभार आहे, नंबर वाढला की सुई बारीक. १४ म्हणजे २ मिलिमीटर.

नेरुळची_नवशिकी: बापरे. आणि नेरुळमधे कुठे मिळतील का जांभळी नाकाच गाठावा लागेल?