बेकनचं बंड ही गोऱ्या-काळ्या गरिबांची एकजूट होती का?

शेवंता:
नमस्कार मंडळी. आम्ही व्हर्जिनियात राहतो. मुलगी अकरावीत आहे आणि तिला बेकनच्या बंडावर, म्हणजे १६७६ मध्ये इथल्या इंग्रज वसाहतीत गव्हर्नरविरुद्ध झालेल्या उठावावर, निबंध लिहायचाय. मागच्या शनिवारी तिला जेम्सटाउनला घेऊन गेले होते. विटांच्या जुन्या मनोऱ्यापाशी उभी राहून म्हणाली, "आई, गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र आले आणि त्यांनी हे गाव जाळलं. म्हणून जमीनदार घाबरले आणि त्यांनी दोघांना कायमचं वेगळं केलं." निबंधाचा सांगाडाच तयार आहे तिचा.

ऐकायला पटतं, पण मनात खटकतंय. बेकन स्वतः जमीनदार होता ना? मग गरीब त्याच्यामागे का गेले? आणि काळे लोक बंडाच्या आधी गुलाम नव्हते का? कुणी नीट समजावून सांगेल का?

जुना दप्तरी:
शेवंताताई, मी आयुष्यभर जमिनीच्या कागदपत्रांचं काम केलं. निवृत्त झाल्यापासून व्हर्जिनियाचे जुने कायदे आणि जमिनीच्या सनदा वाचतो. त्यामुळे मी सुरुवात जमिनीपासून करणार. तुमच्या लेकीच्या सांगाड्यात नेमकी तीच नाही.

१६१८ मध्ये ही वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीने नियम केला: जो माणूस स्वतःच्या खर्चाने दुसऱ्याला इंग्लंडहून आणेल, त्याला आणलेल्या प्रत्येक डोक्यामागे ५० एकर. लक्षात घ्या, ५० एकर आणणाऱ्याला. जो चार ते सात वर्षं राबायच्या करारावर अंगठा उठवून जहाजात बसला, त्याच्या नावावर एक गुंठा नाही. त्याच्या येण्यानेच मालकाची जमीन वाढायची आणि त्याच्या घामावर तंबाखू. शिवाय तो मेला तरी जमीन मालकाकडेच राहायची. आणि मरायचे फार. १६२४ पर्यंत सुमारे ६,००० माणसं आली, जिवंत उरली १,२०० च्या आसपास. रिचर्ड फ्रेथॉर्न नावाच्या एका पोराने १६२३ मध्ये आईवडिलांना लिहिलेली पत्रं आहेत. वाटाणे आणि पेज याशिवाय पोटात काही जात नाही, मला पैसे भरून सोडवा, अशी विनवणी आहे त्यांत. मला ती एका बैठकीत वाचवली नाहीत.

करार संपेपर्यंत माणूस मालकाच्या हाती, आणि तो लांबवण्याचे मार्ग कायद्यातच होते. पळालात, तर जितका काळ गायब त्याच्या दुप्पट सेवा. १६६२ चा एक कायदा तर असा, की मालकापासून दिवस गेलेल्या मोलकरणीला करार संपल्यावर चर्चच्या कारभाऱ्यांनी आणखी दोन वर्षांसाठी विकावं. गुन्हा मालकाचा आणि शिक्षा तिला.

आता तुमचा दुसरा प्रश्न. काळे लोक आधीपासून गुलाम होते का? १६१९ च्या ऑगस्टमध्ये पॉइंट कम्फर्टला वीस-बावीस आफ्रिकी माणसं उतरवली गेली आणि धान्याच्या बदल्यात विकली गेली. पण गुलामीचा लेखी कायदा तेव्हा नव्हता. अँथनी जॉन्सनसारखा माणूस गुलामीत आला आणि पुढे स्वतंत्र होऊन जमीन राखून राहिला. कायदा हळूहळू आला, खटल्यामागे खटला. १६४० मध्ये ह्यू ग्विनचे तीन नोकर मेरीलँडला पळाले आणि पकडले गेले. तिघांना तीस-तीस फटके. शिवाय दोघा गोऱ्यांची सेवा चार वर्षांनी वाढली. तिसरा जॉन पंच, काळा, त्याला मरेपर्यंत सेवा. पळणं एकच होतं ना?

१६५६ मध्ये एलिझाबेथ की हिने कोर्टात सांगितलं, माझा बाप इंग्रज, माझा बाप्तिस्मा झालाय, मला सोडा. ती जिंकली. पुढे १६६२ मध्ये कायदा आला: मूल आईच्या दर्जाने ओळखलं जाईल. १६६७ मध्ये दुसरा: बाप्तिस्म्याने गुलामी सुटत नाही. ती ज्या दोन दारांनी बाहेर पडली होती, ती दोन्ही बुजवली. हे सगळं बंडाच्या आधीचं आहे. तेव्हा "बंडानंतर वेगळं केलं" हे लेकीला दुरुस्त करायला सांगा.

आणि बंड कशासाठी? करार संपवून बाहेर पडलेल्यांना किनाऱ्याकडची चांगली जमीन मिळेना, ती बड्यांनी आधीच सनदा करून धरलेली. तंबाखूचा भाव पडलेला, कर मात्र डोईमागे. १६७० मध्ये जमीन किंवा घर नसलेल्यांचा मताचा हक्कही गेला. असा माणूस सीमेकडे सरकतो, आणि तिथे जमीन रिकामी नव्हती. तिथे इंडियन, म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी, राहत होते. १६७५ मध्ये डुकरांवरून त्यांच्यातल्या डोएग लोकांशी भांडण झालं आणि ते ससक्वेहॅनॉक या दुसऱ्या जमातीपर्यंत पोचलं. बोलणी करायला गढीबाहेर आलेले त्यांचे पाच म्होरके इंग्रजांनी मारले. मग सूडाचे हल्ले सुरू झाले. गव्हर्नर बर्कली म्हणाला, किल्ले बांधू. सीमेवरचे म्हणाले, आम्हाला सरसकट सगळ्या इंडियनांवर चालून जायचंय. नॅथॅनियल बेकन हा केंब्रिजमध्ये शिकलेला, दोन वर्षांपूर्वी आलेला, गव्हर्नरच्या मंडळात बसणारा माणूस. तो त्यांचा पुढारी झाला, कारण तो ते करायला तयार होता.

त्याची पहिली मोठी कामगिरी ओकानीची या इंडियन जमातीवरची. ते इंग्रजांचे मित्र होते. त्यांनीच त्याच्यासाठी ससक्वेहॅनॉक कैदी पकडून आणले. मग कैदी आणि फर यांवरून बिनसलं आणि त्याने त्यांच्यावरच हल्ला केला. १६७६ च्या जूनमध्ये बंडवाल्यांच्या दबावाखाली विधानसभा भरली. तिने गरिबांना मताचा हक्क परत दिला हे खरं, पण त्याच बैठकीत हाही कायदा झाला, की लढाईत पकडलेले इंडियन आयुष्यभर गुलाम. एकजूट म्हणताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

मावळतीचा वारा:
दप्तरी काका, इथे थोडं थांबवतो. शेवटी शस्त्रं खाली ठेवायला कोण तयार नव्हतं? सुमारे ८० काळे आणि २० इंग्रज. बेकन ऑक्टोबरमध्ये हगवणीने मेला, तरी ही माणसं व्हर्जिनियातल्या वेस्ट पॉइंटजवळ तग धरून होती. त्यांना जमीनही नको होती आणि इंडियनही मारायचे नव्हते, सुटका हवी होती. हे तुम्ही गाळलंत. बंडाला फक्त सीमेवरची लूट म्हणणंही अन्यायच.

कळसूबाई:
आणि मालक गुलामांकडे वळले ते केवळ भीतीने नाही. १६७१ मध्ये बर्कलीने लंडनला कळवलेले आकडे पाहा: ४०,००० वस्तीत ६,००० करारबद्ध नोकर आणि फक्त २,००० काळे गुलाम. पुढे इंग्लंडमध्ये मजुरी सुधारली, पेनसिल्व्हेनिया ही नवी वसाहत उघडली, व्हर्जिनियाला यायला लोक कमी झाले. १६९८ मध्ये गुलामांच्या व्यापारातली रॉयल आफ्रिकन कंपनीची मक्तेदारी संपली आणि गुलाम आणणारी जहाजं वाढली. बाजाराचा हिशेब विसरू नका.

जुना दप्तरी:
कळसूबाई, मान्य. मला हा भाग नीट मांडता आला नसता.

वारा, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि ते राहून गेलं याची मला खंत वाटते. गव्हर्नरच्या वतीने बोलणी करणाऱ्या कॅप्टन ग्रँथमने तिथल्या सगळ्या बंडवाल्यांना माफीचं आणि सुटकेचं वचन दिलं होतं. बहुतेक घरी गेले. या शंभरांचा विश्वास बसला नाही. त्याने त्यांना गलबतात चढवलं आणि मग त्यांच्यावर तोफा रोखून शस्त्रं घेतली. वचन पाळलं गेलं नाही. लेकीला हे जरूर लिहू द्या. ही एकजूट खरी होती आणि धाडसाची होती. माझा आग्रह इतकाच, की पानावर तिसरा माणूसही हवा.

तो तिसरा माणूस म्हणजे एक बाई. पामंकी या इंडियन जमातीची राणी कोकाकोएस्के. १६७६ मध्ये विधानसभेच्या समितीने तिला जेम्सटाउनला बोलावून लढायला माणसं मागितली. वीस वर्षांपूर्वी तिचा नवरा टोटोपोटोमॉय इंग्रजांच्या बाजूने लढताना आपल्या माणसांसह मेला होता आणि त्याबद्दल तिला काहीही मिळालं नव्हतं. तिने ते रडत, आवाज चढवून, पुन्हा पुन्हा सांगितलं. समितीच्या अध्यक्षाने सांत्वनाचा एक शब्द काढला नाही, किती माणसं देणार एवढंच विचारलं. ती बारा म्हणाली. आणि दोन महिन्यांत बेकनने तिच्याच लोकांवर दलदलीत हल्ला केला. तिला जीव वाचवून रानात लपावं लागलं.

बंड मोडल्यावर इंग्रज आणि इंडियन यांच्यात झालेल्या १६७७ च्या तहावर तिची खूण आहे. त्यात एक कलम असं, की इंडियन गावांपासून तीन मैलांच्या आत इंग्रजांनी वस्ती करायची नाही. सनदा वाचणारा म्हणून सांगतो, हद्द कुणी मागितली ते पाहिलं की भांडण कशाचं होतं ते कळतं.

शेवंता:
सगळ्यांचे आभार. सगळं लेकीला वाचून दाखवलं. एलिझाबेथ कीच्या दोन दारांपाशी तिने पेन खाली ठेवलं आणि निबंध पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केला. "गरीब एक झाले" हे वाक्य काढलेलं नाही, फक्त त्याखाली "कोणाविरुद्ध?" असं लिहून ठेवलंय.

पामंकींची राखीव जमीन इथे किंग विल्यम काउंटीत अजून आहे. त्यांचे लोक दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधी रिचमंडला जाऊन राज्यपालांना हरीण देतात, त्या जुन्या तहाप्रमाणे. ते बातम्यांत मी दर वर्षी पाहते आणि कधी विचारही केला नव्हता की ते कशाचं. यंदा आम्ही दोघी पाहायला जाणार आहोत.