ब्रेकची डिस्क हबवरून (चाक बसतं तो भाग) निघतच नाही, मदत हवी आहे (गाडी आत्ता उघडी पडली आहे)

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढचं डावं चाक काढून बसलोय, म्हणून जरा लवकर सांगा.

२०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. महिनाभर ब्रेक दाबला की किर्रर्र. परवा खोपोलीचा घाट उतरताना स्टिअरिंगही थरथरायला लागलं. गॅरेजवाला म्हणाला, "डिस्क टर्निंग करू (लेथवर घासून सपाट करू), चालेल अजून वर्षभर." घरी व्हर्नियर लावला. डिस्कवर किमान जाडी १५ मिमी कोरली आहे, माझी भरली १४.६. टर्निंग कसलं डोंबलाचं! कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड घेऊन आलो.

कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) सहज सुटला, सुतळीने स्प्रिंगला टांगलाय (ब्रेक ऑइलच्या होजवर, म्हणजे नळीवर, लोंबकळत ठेवलेला नाही, तेवढं कळतं). कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटचे १७ चे बोल्ट मात्र पान्याला पाइप घालून त्यावर उभा राहिलो तेव्हा हलले. आता डिस्क हलत नाही. राहायला वर्सोव्याला, खारी हवा. सगळा हब गंजून लाल झालाय. डब्ल्यूडी-४० मारून तास झाला. जोरात हातोडी हाणू का? बेअरिंगची भीती वाटते. आणि नवे पॅड बसवायला कॅलिपरचा पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइल वर येऊन सांडेल का?

उत्तर
आधी हे सांगा, गाडी नुसत्या जॅकवर नाही ना?

धागाकर्ता
नाही हो, स्टँडवर आहे. शिवाय काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवलंय.

उत्तर
मग ठीक. घण घालू नका. डिस्कवर स्टडच्या (चाकाचे नट बसतात ते खिळे) मधल्या जागेत आटे पाडलेली दोन छोटी भोकं बघा, गंजाने बुजली असतील तर पोकरा. बहुतेक एम-८ चा (८ मिमी जाडीचा) बोल्ट बसतो. दोन्ही बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत जा, डिस्क स्वतःच बाहेर ढकलली जाते.

निघाल्यावर घाई करू नका. हबचा चेहरा तारेच्या ब्रशने लख्ख करा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला की नवी डिस्क किंचित वाकडी बसते आणि तीच थरथर परत. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. ब्रेक ऑइल वर येणारच, त्याच्या टाकीतलं थोडं सिरिंजने काढून ठेवा. बॉडीवर सांडलं तर रंग खातं. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरलात तर पहिला ब्रेक भिंतच लावेल.

धागाकर्ता
निघाली!! भोकं होती, मी त्यांना गंजाचे खड्डे समजत होतो. चौथ्या फेऱ्याला अशी 'टण्ण' वाजली की दुसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीत आले, "काय तुटलं रे?" आता तारेचा ब्रश शोधतोय, मग उजवी बाजू.