मदत हवी आहे: काचेची पूड ७५ मायक्रॉनपर्यंत दळून कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. कुपवाडला माझा पेव्हर ब्लॉकचा छोटा कारखाना आहे. भंगारातल्या फुटक्या बाटल्या दळून सिमेंटच्या जागी थोडी काचपूड वापरून बघतोय. ताकद तपासायला काँक्रीटचे १५० मिमीचे बारा क्यूब (ठोकळे) टाकले, निम्म्यांत २० टक्के सिमेंट काढून तेवढ्याच वजनाची पूड. सात दिवसांनी त्यातले काही दाबून फोडले तर काचेचे ताकदीत चांगलेच मागे पडले. काचपुडीची सिमेंटमधल्या चुन्याशी अभिक्रिया सावकाश होते आणि ताकद उशिरा येते, म्हणून बाकीचे २८ आणि ५६ दिवसांसाठी टाकीत ठेवलेत.

खरी भीती वेगळीच आहे. आमची पूड चिमटीत धरली की अजून रव्यासारखी टोचते. काचेचे जाड कण सिमेंटमधल्या अल्कलीबरोबर जेल तयार करतात, ते पाणी पिऊन फुगतं आणि तडे जातात, तेही काही वर्षांनी. कुणाच्या अंगणात असे ब्लॉक बसवायला माझं मन धजत नाही.

सांगली-मिरज भागात बॉल मिलवर (आत गोळे असलेल्या फिरत्या पिंपाच्या चक्कीवर) काच दळून देणारं कुणी आहे का? आणि २० ऐवजी १० टक्क्यांवर यावं का? बाटल्यांत सरबताचा गोड अंश राहिला तर सिमेंट सेट व्हायला उशीर होतो, त्यामुळे धुण्याची सोपी पद्धतही सांगा. ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा, मी येऊन भेटेन.